न उडालेल्या विमानाची हकीकत

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, ता. १७ फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप हिंदुरावदाजी यांच्या पायांवर धाकट्या महिपतीनं डोकं ठेवलं आहे असं समजावं. मथुराआक्कालाही आम्हा दोघांचा नमस्कार. इकडं आम्ही नवराबायको, मी आणि बजा, खुशाल आहोत, पण तुमच्या गुडघ्याची काळजी लागून राहिली आहे. वैद्यानं दिलेलं तेल रोज लावता की बाटली कोनाड्यात ठेवून नुसती बघता, ते आक्काकडून कळवावं. तांबड्या गाईला कालवड झाली असं ऐकलं, आनंद झाला. पत्राला उशीर झाला याचा राग मानू नका. कारण वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, की पत्र लिहायला हा जागेवर आहे हेच पुष्कळ.

तुमच्याकडं बाजारात अशी बातमी फिरते आहे म्हणे, की महिपतीनं शिवलेलं विमान सोलापुरात पडलं आणि महिपती फरार आहे. (बार्शी गाडीच्या कंडक्टरनं ही बातमी तिकिटाबरोबर फुकट वाटली असं मला कळलं आहे.) तर दाजी, विमान पडलं नाही. पडायला आधी उडावं लागतं, आणि ते उडालंच नाही. मी फरारही नाही, मशीनवर बसूनच हे लिहितो आहे. आता खरं काय झालं ते सविस्तर सांगतो, म्हणजे चारचौघांत तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही.

सात रस्त्याला कापडाचं मोठं दुकान असलेले रेवणप्पा शेठ तुम्हाला ठाऊक आहेत. (माझ्या लग्नात आहेराचं पातळ ज्यांच्याकडून उधार आणलं, तेच.) ते आमच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. मांडव, कनाती, ताडपत्र्या, वर्षभराचं माझं बारा आणे काम त्यांच्या शब्दावर मिळतं. गेल्या वर्षी गड्ड्याची जत्रा संपल्यावर त्यांच्या मनात आलं, की लोकांनी पाळणे पाहिले, मौत का कुआँ पाहिला, आता विमान दाखवावं. तेही साधं नाही, लढाईच्या काळातलं, दुमजली पंखांचं, वरून उघडं. कॅप्टन सरंजामे म्हणून एक निवृत्त गृहस्थ आहेत, साठी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या आणि पाठ ताठ. त्यांचं स्वतःचं असं विमान आहे आणि ते गावोगावी नेऊन आकाशात कोलांट्या मारून दाखवतात. पत्रव्यवहार झाला, सरकारी परवानगीचा जाडजूड लिफाफा आला. लिफाफ्यातला वरचा कागद सर्वांनी वाचला, खालचे इंग्रजी कागद कुणीच वाचले नाहीत. त्यात लिहिलं होतं म्हणे, की प्रेक्षक एकाच बाजूला आणि लांब बसवावेत. शेठनी पाच रुपयेवाल्या खुर्च्या दोन्ही बाजूंना आणि अगदी दोरीला लागून मांडल्या, कारण पाच रुपये देऊन लांबून कोण बघेल? विमानाबरोबर एक इंजिनिअर यायचा होता. त्याचं भाडं आणि राहण्याचा खर्च मंडळाला जड वाटला. विमान उडवायला एक माणूस पुरतो, दुसरा नुसता बघायला कशाला, असा ठराव झाला. (ठरावाला मीही हात वर केला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं.)

शनिवारी सकाळी होटगी रस्त्याच्या पलीकडच्या माळावर विमान उतरलं. दाजी, जवळून बघितल्यावर माझा विश्वासच बसेना. आत लाकडाच्या फासळ्या आणि वरून कापड! आपल्या मांडवासारखंच, फक्त ताणून बसवलेलं आणि वर चंदेरी रंग. त्या कापडाला एक रोगण लावतात, त्यानं ते ढोलकीच्या पुडीसारखं टणक होतं. प्रवासात एके ठिकाणी रंग उडाला होता म्हणून कॅप्टनसाहेबांनी तिथं ताजं रोगण फासलं आणि हातपाय धुवायला गेले. त्या रोगणाचा वास अगदी पिकल्या केळ्यासारखा. मला तो आवडला. तो आणखीही कुणाला तरी आवडला. सांगोल्याकडची मायाक्का म्हणून धनगर बाई त्या माळावर मेंढरं घेऊन उतरली आहे. तिची चंद्री नावाची शेळी कळपातून निघाली ती सरळ खालच्या पंखाशी. राखणीला ठेवलेले मंडळाचे चार जण त्या वेळी कर्णा तपासण्यासाठी शेठचं भाषण ऐकत उभे होते. भाषण संपेपर्यंत पंखाचा मागचा काठ हातभर गेला. भाषण आणखी लांबलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मग जो गोंधळ झाला, त्यात प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. राखणदार म्हणाले, आम्हाला माणसांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. शेठ म्हणाले, शेळी जप्त करा आणि बाईला चौकीवर न्या. मायाक्का शेळीच्या गळ्यात हात घालून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी कापडाचं इमान करताय, त्याला केळाचा वास लावताय, आन् शेळीनं खाऊ नगं म्हंता व्हय? तिला कुटं वाचता येतंय? आन् पाटी तरी कुटं लावलीया तुमी?" तेवढ्यात कॅप्टनसाहेब टॉवेलनं तोंड पुसत आले. त्यांनी पंख पाहिला, शेळी पाहिली, आणि शांतपणे म्हणाले, "विमान माझं आहे. सोडून गेलो मी. बाईंना जाऊ द्या." मला हा माणूस तिथंच आवडला. पण पुढं त्यांनी विचारलं, इथं चांगला शिंपी कोण आहे, आणि शेठनी माझी मान धरून पुढं ढकलली.

रविवारी सकाळी मी सुई आणि मेणाचा दोरा घेऊन माळावर हजर झालो. खेळ चार वाजता. कॅप्टनसाहेबांनी टाका कसा घालायचा ते दाखवलं, तो मला येतच होता, ताडपत्रीला आपण तसाच घालतो. ठिगळाचं नवं कापड त्यांच्याकडं होतं. ते मला कामाला लावून इंजिन बघायला गेले. पण दाजी, टाका ओढला की जुनं कापड चिरायचं. मला वाटलं सुई जाड आहे. बारीक घेतली. तरी चिरलं. मग मी काठ थोडा आत कापला, धड कापड लागेल म्हणून. तिथंही तेच. आणखी आत गेलो. शेळीनं एक हात खाल्लं होतं, मी दोन तासांत तीन हात खाल्लं, आणि तरी टाका धरेना. वरून बघाल तर चंदेरी, तकतकीत, नवी नवरी दिसावी तसं.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. मी पंधरा वर्षांचा होतो, तुमच्या अडतीत बारदान मोजायला होतो. तुम्ही प्रत्येक जुनं पोतं भरण्याआधी अंगठ्यानं दाबून बघायचा. मी विचारलं होतं, वरून तर चांगलं दिसतंय की, कशाला वेळ घालवता? तुम्ही माझा अंगठा धरून एका पोत्यावर दाबलात आणि तो आरपार गेला. "वरचं न्हाय बगायचं," म्हणालात, "कापड मेलं की रंगावरनं कळत न्हाय. अन् रस्त्यात फुटलं तर पोत्याला कुनी इचारत न्हाय, भरनाऱ्याला इचारत्यात." मी उठलो आणि पलीकडच्या पंखावर, जिथं शेळीनं तोंड लावलं नव्हतं तिथं, अंगठा टेकवला. जोर नाही लावला. लावायची छाती नव्हती, दुसऱ्याचं विमान ते. पण बोटाला कळलं. कापड आतून मेलेलं होतं.

मी आधी शेठकडं गेलो. (इथं माझी चूक झाली. आधी ज्याचा जीव वर जाणार त्याच्याकडं जायला हवं होतं. पण ज्याच्याकडून काम मिळतं त्याच्याकडं पाय आपोआप वळतात.) शेठच्या समोर मंडळाचा छापील कागद होता. त्यावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, की पंखाची दुरुस्ती समाधानकारक झाली असून विमान उड्डाणास योग्य आहे, आणि खाली कुशल कारागीर म्हणून माझं नाव. मी म्हटलं, शेठ, कापड गेलंय, ठिगळाचा प्रश्नच नाही. ते म्हणाले, "तुला काय कळतंय रे विमानातलं? कालच ते उडत आलं की नाही? गावात पंधरा हजार माणूस निघालाय. सही कर आणि मोकळा हो." मी म्हटलं, विमानातलं कळत नाही, कापडातलं कळतं. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या हंगामाचे मांडव कुणाला द्यायचे ते मी अजून ठरवलेलं नाही, महिपती."

दाजी, खोटं कशाला सांगू, पेन मी हातात घेतलं होतं. नावातला म काढलाही होता. आणि मग माझ्या डोळ्यांपुढं आलं, की हा कागद उद्या कुणीतरी पुन्हा उघडून वाचेल, आणि त्यावर शेठचं नाव नसेल, मंडळाचं नसेल, माझं असेल. एवढीशी भीती होती ती, काही फार थोर विचार नव्हता. मी पेन ठेवलं आणि तडक विमानाकडं निघालो. मागून शेठ हाका मारत होते.

कॅप्टनसाहेब पंखाच्या सावलीत बसून भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. (भाकरी मायाक्कानं आणून दिली होती. शेळीचं प्रायश्चित्त.) मी म्हटलं, "साहेब, कापड मेलंय."

"कुठलं?"

"सगळंच. ह्या पंखाचं, त्या पंखाचं. अंगठा लावून बघा."

त्यांनी भाकरी बाजूला ठेवली. हात पुसले, उठले, आणि वरच्या पंखाला, मधोमध, अंगठा लावून दाबला. फट्ट असा आवाज झाला. अंगठा आत गेला तो मुळापर्यंत. दुसऱ्या ठिकाणी दाबला. तिथंही तेच. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, आपण विमान नाही, माणूसच फाडला. मग ते विमानाच्या चाकापाशी खाली बसले आणि म्हणाले, "आमच्या इंजिनिअरनं सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. चारी पंख उतरवून नवं कापड चढवा. खर्च ऐकून मी म्हटलं, हा हंगाम जाऊ दे. आणि इथं यायचं झालं तेव्हा मंडळ म्हणालं इंजिनिअर नको, तर मला आतून बरंच वाटलं. तो आला असता तर त्यानं बघितलं असतं." मग म्हणाले, "महिपतराव, आज मी ते वर नेऊन उलटं करणार होतो. खाली तुमची माणसं बसली असती." मला जन्मात कुणी महिपतराव म्हटलं नव्हतं. मला रडूच आलं. मग दोघांनी मिळून उरलेली भाकरी संपवली.

आता पंधरा हजार लोकांना सांगायचं कुणी? शेठ म्हणाले, पाऊस आला म्हणून सांगू. (फेब्रुवारीत, सोलापुरात!) नंतर म्हणाले, शेळीवर घालू. मी मनात म्हटलं, आता माझ्यावर घालतील, आणि कनातीच्या मागून निसटायची वाट हेरून ठेवली. पण कॅप्टनसाहेब टेबलावर चढले आणि कर्ण्यातून म्हणाले, "मंडळी, हे विमान आज उडणार नाही. याचं कापड कुजलं आहे. ते मी वेळेवर बदललं नाही. चूक माझी आहे, आणखी कुणाची नाही." बस्स. माझं नाव नाही, शेठचं नाव नाही, शेळीचंही नाही. मग जो ओरडा झाला तो तुम्हाला वैरागला ऐकू आला असेल. एक चप्पल आली, मग दुसरी. (जोडी जुळत नव्हती.) पुढं काय झालं असतं देव जाणे. तेवढ्यात मायाक्का दोरी ओलांडून मधोमध उभी राहिली आणि कर्ण्याशिवाय, मेंढरं वळवायच्या आवाजात ओरडली, "आरं, मानूस जित्ता उबा हाय म्होरं, त्येला बगा की! मेल्यालं बगाया पैसं दिल्यालं काय तुमी?" आधी पुढचे हसले, मग मागचे. चपला मारणारेही हसत आपापल्या चपला मागायला आले.

मग कॅप्टनसाहेबांनी लोकांना दोरीच्या मागं लांब नेऊन बसवलं, एकाच बाजूला, आणि म्हणाले, उडणार नाही, पण जमिनीवरून पळवून दाखवतो. पुढच्या जागेत बसायला कोण येतं, तर त्यांनी मलाच धरलं. कातडी टोपी घातली, चष्मा चढवला, पट्टे आवळले. इंजिन सुरू झालं आणि दाजी, सगळं शरीर शिवणयंत्रात घातल्यासारखं थरथरू लागलं. मी डोळे मिटले. वारा तोंडावर आला, पोट हललं, मला वाटलं आपण ढगात पोचलो. मी ओरडलो, "साहेब, लई वर नगा जाऊ!" मागून आवाज आला, "महिपतराव, अजून आपण निघालोच नाही." मग निघालो. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत मी डोळे उघडले. चाकं जमिनीला होती, धूळ उडत होती, हजारो माणसं हात हलवत होती, आणि दोरीपाशी बजा डोक्यावरचा पदर सोडून उड्या मारत होती. लग्नानंतर ती माझ्याकडं बघून इतकी खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. नंतर पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी विमानाला हात लावून पाहिला. घरी जाताना कुणाचं तोंड वाकडं नव्हतं.

सोमवारी सकाळी रेवणप्पा शेठ माझ्या दारात. मी मशीनवरून उठलोच नाही, वाटलं हंगाम गेला. त्यांनी उंबऱ्यातच चपला काढल्या. मग म्हणाले, "पहिल्या रांगेत माझी लेक होती रे. जावई होता. दोन्ही नातवंडं. मीच बसवली होती ती खुर्ची पुढं ओढून." बजानं चहा केला. चहा पिऊन त्यांनी तो कागद, माझ्या नावातला एकटा म असलेला, माझ्यासमोर फाडला आणि मांडवांचं सगळं काम पूर्वीसारखं माझ्याकडं राहील म्हणून सांगितलं. वर म्हणाले, पुढं मंडळानं काहीही उडवलं, अगदी पतंग उडवला, तरी इंजिनिअर आणायचा.

तेव्हा दाजी, मी चारही बाजूंनी उपकारात बुडालो आहे. कॅप्टनसाहेबांचे उपकार, की त्यांनी शिंप्याचं ऐकलं. मायाक्काचे, की तिनं माझी पाठ वाचवली. चंद्रीचे तर किती मानावेत, तिनं ते कापड खाल्लं नसतं तर कुणी सुई लावली नसती. (तिला मी शेरभर हरभरा नेऊन दिला. वास घेऊन बाजूला झाली, केळ्याची सवय लागली असावी.) पण सगळ्यांत मोठे तुमचे. पंधरा वर्षांच्या पोराचा अंगठा धरून पोत्यावर दाबायला तुम्हाला काय पडलं होतं? अडतीत शंभर कामं होती. तेवढं तुम्ही केलंत, म्हणून एक भला माणूस आज जिवंत आहे आणि शेठच्या घरी सुतक नाही. हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, दुसरं काही कारण नाही. आक्कालाही वाचायला द्यावं. लोभ आहेच, तो असाच माझ्या डोक्यावर असू द्यावा.

तुमचा आज्ञाधारक,
महिपती

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. कॅप्टनसाहेबांनी चारी पंख उतरवले आहेत आणि नवं कापड चढवायचं काम मला दिलं आहे. मुंबईहून त्यांचा इंजिनिअर येणार, तो टाका न् टाका तपासणार आणि सही तोच करणार. पण फोनवर त्याचं म्हणणं, सोलापुरात गिरण्यांचा धूर आणि कापसाचे तंतू उडतात, ते ओल्या रोगणाला चिकटतील. कोरडी, बंद, लांबलचक जागा पाहिजे. तुमचं बारदानाचं गोदाम ज्वारी येईपर्यंत रिकामंच असतं हे मला सहज आठवलं. काम पंधरा दिवसांचं आहे. (इंजिनिअर चाळीस म्हणतो, पण तो सगळंच वाढवून सांगतो.)

ता. क. दुसरा – ट्रक आज सकाळीच गेला. हे पत्र मिळेल तेव्हा पंख तुमच्या दारात उभे असतील. आडवे ठेवू नयेत. मालाच्या पावतीवर नुसतं 'विमान' असं लिहिलं आहे. बाकीचं कुठं आहे असं गावात कुणी विचारलं, तर मागून येतंय म्हणावं. इंजिनिअर मंगळवारी येईल. मांसमच्छी खात नाही, दुपारी ताक लागतं.

ता. क. तिसरा – हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका. ते रोगण पेट्रोलसारखं पेट घेतं. काम चालू आहे तोवर गोदामात आणि ओसरीवर विडी पेटवायची नाही, म्हणजे तुम्हालासुद्धा. चाळीस दिवस. तुम्हाला हे कसं सांगावं या विचारानं मी आधी गुपचूप आक्कालाच कार्ड टाकून विचारलं होतं. काल तिचं उत्तर आलं. सबंध कार्डावर एकच ओळ आहे: "चारच पंख का, आणखी असतील तर तेबी पाठव."